शेवटचा पदयात्री पोहोचेपर्यंत थांबा : ठाणे व नवी मुंबईतील पदयात्रा मंडळांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून शिर्डीला पायी पालखी नेणाऱ्या सर्व मंडळांचे विश्वस्त, पदाधिकारी आणि सेवेकरी

सप्रेम साईराम.

येत्या डिसेंबरातील पदयात्रेची नियमावली आमच्या मंडळाने नुकतीच सभासदांकडे पाठवली आहे. तिच्यातील एका नियमामुळे मी हे पत्र लिहीत आहे. शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजेपर्यंत ठरलेल्या ठिकाणी न पोहोचणाऱ्या पदयात्रींना मंडळाच्या वाहनातून पुढे आणले जाईल आणि पालखीचा शिर्डीप्रवेश ठरलेल्या वेळीच होईल, असा तो नियम आहे. गेल्या डिसेंबरात कोणताही लेखी नियम नसताना हेच घडले होते. त्याबद्दल आम्ही आधी तोंडी सांगितले, नंतर लेखी अर्ज दिला. त्या अर्जाला उत्तर आले नाही. ज्या गोष्टीची तक्रार केली होती, तीच आता नियम होऊन आमच्या हातात आली आहे, आणि ती मी मुकाट्याने मान्य करू शकत नाही. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कळवा, ऐरोली, घणसोली अशा ठिकाणांहून वेगवेगळ्या पालख्यांबरोबर जाणाऱ्या ओळखीच्या बायकांशी बोलल्यावर हा प्रकार एका मंडळापुरता नाही, हे माझ्या लक्षात आले. म्हणून पत्र सर्वांनाच आहे.

मी लोकमान्यनगरात राहते आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. माझ्याबरोबर चालणाऱ्या तिघी मैत्रिणींपैकी एक पोळी-भाजी केंद्र चालवते, एक बालवाडीत सेविका आहे आणि एक घोडबंदर रोडवरच्या इमारतींत स्वयंपाकाची कामे करते. आम्हा चौघींपैकी कोणालाही पदयात्रेच्या दिवसांची भरपगारी रजा मिळत नाही. जिची स्वयंपाकाची कामे आहेत तिला तर परत आल्यावर एखादे घर हातचे गेलेले असेल, ही भीती घेऊनच निघावे लागते. तिचा मुलगा काविळीने हॉस्पिटलात होता तेव्हा तिने शिर्डीला पायी येण्याचा नवस बोलला होता, आणि तिच्या नवसाला सोबत म्हणून आम्ही तिघी निघालो होतो. दिवाळीपासून आम्ही पहाटे उपवन तलावाभोवती आणि पुढे येऊरच्या चढावर चालण्याचा सराव केला. हे सगळे यासाठी सांगते, की शेवटच्या दिवशी जिला टेम्पोत बसवले ती हौस म्हणून आलेली किंवा तयारी न करता आलेली बाई नव्हती, हे आपल्याला कळावे.

माजिवड्याहून साकेत पुलावरून खाडी ओलांडल्यावर मानकोली आणि रांजनोलीपर्यंतचा रस्ता कंटेनर आणि ट्रक यांचाच असतो, हे आपण सर्व जाणता. त्या पट्ट्यात आम्ही एकमेकींच्या पिशव्या धरून, एका रांगेत चाललो. पडघा, शहापूर, खर्डी करत कसारा घाट चढून घाटनदेवीच्या देवळापाशी टेकलो तेव्हा आमच्यातली बालवाडीची मैत्रीण, जी सर्वांत जलद चालते, ती आपण होऊन सर्वांत मागे आली, आणि पुढचा सगळा रस्ता आम्ही जिची चाल सर्वांत हळू तिला पुढे ठेवून कापला. घोटीहून सिन्नरकडे वळल्यावर पहाटेची थंडी अशी होती की पायांच्या फोडांवर पट्टी बांधताना बोटे वळत नव्हती. तरी त्या दिवसांत आमच्यापैकी एकीनेही वाहन मागितले नाही. रात्री मुक्कामावर झोपण्यापूर्वी आमचे एकच बोलणे असे, की कळस दिसेल तेव्हा चौघी एका जागी असायला हव्यात.

शेवटच्या दिवशीचा टप्पा आपण तीस किलोमीटरचा आखला होता. डिसेंबरात आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या धडधाकट माणसाला तीस किलोमीटरला साडेसात तास लागतात, आणि चहा, जेवण, विसावा मिळून दोन-अडीच तास धरले तर त्याचा सबंध दिवस संपतो. आठवडाभर चालून पायांना फोड आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाईची चाल ताशी तीन किलोमीटरच्या वर जात नाही, म्हणजे तिला नुसते चालायलाच दहा तास हवेत. हे गणित आपल्या नियोजनात कोणीच केले नव्हते का, असा प्रश्न मी गेल्या वर्षी विचारला होता आणि आज पुन्हा विचारते आहे. पालखी मात्र दुपारी चारला शिर्डीच्या वेशीवर हवी होती, कारण स्वागताला बोलावलेले पाहुणे त्या वेळेला येणार होते.

पाथरे मागे टाकल्यावर, झगडे फाट्याच्या अलीकडे एका रसवंतीजवळ सामानाचा टेम्पो आमच्या शेजारी येऊन थांबला. मी आणि पोळी-भाजीवाली मैत्रीण पाण्यासाठी जरा पुढे गेलो होतो. मागच्या दोघींना सेवेकऱ्यांनी सांगितले, "ताई, बसा, पालखी खोळंबली आहे." जिचा नवस होता ती म्हणाली, की मी चालू शकते, मला चालूच द्या. तिची पिशवी खांद्यावरून काढून टेम्पोत ठेवण्यात आली, आणि पिशवीत औषधे व पैसे असल्यामुळे ती मागोमाग चढली. बालवाडीची मैत्रीण तिला एकटी सोडायची नाही म्हणून चढली. गाद्या, भांडी आणि गॅसच्या शेगड्यांच्या मध्ये बसून त्या दोघी वेशीपाशी उतरल्या आणि आम्ही दोघी अंधार पडल्यावर चालत पोहोचलो. तोवर मिरवणूक झाली होती, आरती झाली होती, मंडळाचा एकत्र फोटोही काढून झाला होता. रात्री मुक्कामाच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती जेवली नाही. "माझे राहिले," एवढेच ती सारखे म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चौघी एक रिक्षा ठरवून त्याच रसवंतीपाशी परत गेलो आणि तिथून चालायला लागलो. सावळीविहिरीच्या फाट्यावर महामार्गाला लागलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. रस्त्याने दुसऱ्या एका गावची पालखी चालली होती. त्यांनी काही न विचारता आम्हाला आपल्यात घेतले, पाणी दिले, आणि त्यांच्या निशाणामागून आम्ही शिर्डीत शिरलो. कळस दिसला तेव्हा चौघी एका जागी होतो. तिने चपला काढून हातात घेतल्या आणि उरलेली वाट तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालली. द्वारकामाईच्या पायरीवर डोके टेकवून ती बराच वेळ उठली नाही, आणि आम्हीही तिला उठवले नाही. इतक्या दिवसांची वाट त्या पायरीशी संपली, हे आम्हा चौघींनाही त्याच क्षणी कळले. मंडळाची परतीची बस तोपर्यंत निघून गेली होती. आम्ही एसटीने आलो आणि रात्री उशिरा खोपटला उतरलो. शिर्डीला पोहोचल्याचा आनंद आम्हाला मिळाला, पण तो आपल्याबरोबर मिळाला नाही. ज्या मंडळाच्या निशाणामागे निघालो, त्याच्याबरोबर पोहोचता आले नाही, याचे वाईट वाटणे अजून गेलेले नाही.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार इच्छेविरुद्ध वाहनात बसवण्याची आहे. ज्याला चालवत नाही, ज्याला ताप आहे, ज्याचा पाय मुरगळला आहे, त्याच्यासाठी वाहन असावे, ते वेळेवर मिळावे, आणि त्यात बसणाऱ्याला कोणी कमी लेखू नये, याबद्दल दुमत नाही. परंतु जो चालू शकतो आणि चालायचे म्हणतो, त्याला केवळ वेळापत्रकासाठी उचलण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिला? पायी जाण्यासाठीच त्याने नोंदणी केलेली असते. नवस, संकल्प किंवा साधी इच्छा, त्याचे कारण काहीही असो, शेवटचे पाऊल त्याचे स्वतःचे असले पाहिजे. गाडीने शिर्डीला जाणे आम्हाला कधीही शक्य होते.

दुसरी तक्रार आखणीची. सर्वांत थकलेल्या दिवशी सर्वांत लांब टप्पा का? आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखीचा क्रम पाहा. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाण्याचा दमवणारा टप्पा सुरुवातीच्या दिवसांत येतो, आणि त्यानंतर सासवडला दोन मुक्काम असतात. शेवटी मात्र सर्व पालख्या वाखरीला एकत्र येतात, आणि वाखरी ते पंढरपूर हे अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. मागे राहिलेले, हळू चालणारे, लंगडणारे सगळे वाखरीत गाठतात आणि मग पंढरपुरात प्रवेश होतो. शिर्डीची परंपरा वेगळी आहे, तिचा इतिहास वारीइतका जुना नाही, हे मला माहीत आहे. तरीही पायी चालणाऱ्या मोठ्या समुदायाला शेवटपर्यंत एकत्र कसे न्यावे, हे महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असताना आपण त्याकडे का पाहू नये?

तिसरी तक्रार अशी, की शेवटच्या दिवशी मागे कोणीच नव्हते. शिट्टी, बॅटरी आणि चमकणारी जाकिटे घातलेले सेवेकरी सगळे पालखीजवळ होते, प्रथमोपचाराची गाडी पुढे गेली होती, आणि ज्यांना खरी गरज होती ते अंधारात दोघे-तिघे मिळून रस्त्याच्या कडेने येत होते. मंडळाकडून नियमाच्या समर्थनार्थ सुरक्षिततेचे कारण दिले जाते, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. भीती खोटी नाही. 31 ऑक्टोबर 2022 रोजी कार्तिकीसाठी पंढरपूरला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील दिंडीत सांगोल्याजवळ संध्याकाळी मोटार घुसली आणि 7 वारकरी गेले. 3 डिसेंबर 2023 रोजी नाशिक-पुणे महामार्गावर घारगावच्या हद्दीत शिर्डी परिसरातून आळंदीला निघालेल्या दिंडीत कंटेनर शिरला, त्यात 4 जण गेले. परंतु यावरून निघणारा अर्थ हा, की उजेडात पोहोचता येईल एवढाच टप्पा आखावा आणि रांगेच्या शेवटी माणसे ठेवावीत. थकलेल्यांना गॅसच्या शेगड्यांबरोबर टेम्पोत भरणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मालवाहू वाहनातून माणसे नेणे कायद्यालाही मान्य नाही. शिवाय वाहनात बसवले म्हणजे जीव सुरक्षित झाला, असेही म्हणता येत नाही. याच रस्त्यावर, पाथऱ्याजवळ, 13 जानेवारी 2023 रोजी आपल्याच ठाणे जिल्ह्यातून शिर्डीला निघालेल्या भाविकांच्या बसचा आणि ट्रकचा अपघात होऊन 10 जणांचा मृत्यू झाला होता.

चौथी तक्रार ऐकून घेण्याची. चालताना त्रास झाला तर तो कोणाला सांगायचा, हे आपल्या पदयात्रेत ठरलेले नाही. जो सेवेकरी भेटेल त्याला सांगावे, आणि तो म्हणतो अध्यक्षांना सांगा. अध्यक्ष पुढच्या मुक्कामाची व्यवस्था पाहायला गेलेले असतात. माउलींच्या सोहळ्यात रोज मुक्कामाला पोहोचल्यावर समाज आरती होते. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते, आणि चोपदार तिच्यापर्यंत जाऊन तिचे म्हणणे ऐकतो. हरवलेल्या वस्तू आणि माणसे यांची माहितीही तिथेच दिली जाते. हैबतबाबा आरफळकरांनी 19 व्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात ऐकून घेणे हाही शिस्तीचाच भाग आहे. आपल्या मंडळांत शिस्त या शब्दाचा अर्थ फक्त वेळ पाळणे असा उरला आहे, असे मला वाटते आणि ते मी स्पष्टपणे लिहिते.

विसाव्याच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसणे ही जुनीच तक्रार आहे. त्यामुळे बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि दुपारनंतर त्यांची चाल मंदावते, एवढेच इथे नोंदवते.

सेवेकऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. ते स्वतःची रजा घालवून येतात, रात्री दोनला उठून चहा ठेवतात, दुसऱ्यांच्या पायांच्या फोडांवर आपल्या हाताने औषध लावतात. ज्या मुलाने माझ्या मैत्रिणीची पिशवी उचलली तोही त्याला दिलेले काम करत होता, आणि कसारा घाटात त्यानेच तिला स्वतःची शाल दिली होती. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्याला ते काम देणाऱ्या निर्णयाविषयी आहे. पोलीस परवानगी, पुढच्या मुक्कामाची जागा, दर्शनाची वेळ या अडचणी खऱ्या आहेत हेही मी समजते. पण शिर्डीप्रवेशाची चारची वेळ यांपैकी कोणत्याही अडचणीमुळे ठरलेली नव्हती. ती पाहुण्यांच्या सोयीने ठरली होती. पाहुणे तासभर थांबले असते तर मी त्यांचे मनापासून आभार मानले असते. अंधार पडेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले असते, आणि आदल्या रात्री सावळीविहीर परिसरात मुक्काम करून सगळ्यांनाच ताज्या पायांनी शिर्डीत शिरता आले असते.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

दुपारी दोनपर्यंत न पोहोचणाऱ्यांना वाहनातून नेण्याचा नियम आमच्या मंडळाने नोंदणी सुरू होण्यापूर्वी लेखी मागे घ्यावा, आणि इतर मंडळांत असा लेखी किंवा अलिखित नियम असल्यास त्यांनीही तो सोडावा. शेवटचा टप्पा संपूर्ण पदयात्रेतील सर्वांत लहान, दहा-बारा किलोमीटरच्या आत असावा. त्यासाठी एक दिवस वाढवावा लागला आणि वर्गणी वाढली तरी चालेल. ज्यांना ती परवडणार नाही त्यांच्यासाठी आम्ही बायका आपापसांत पैसे गोळा करू, हे मी चौघींच्या वतीने लिहून देते.

रांगेतील शेवटच्या पदयात्रीबरोबर रोज दोन सेवेकरी चालत असावेत, त्यांच्यापैकी एक स्त्री असावी, त्यांच्याकडे बॅटरी, पाणी, औषधे आणि पुढच्यांशी बोलण्यासाठी फोन असावा. त्यांनी शेवटचा माणूस मुक्कामात आल्याचे सांगितल्याशिवाय त्या दिवसाची आरती सुरू होऊ नये. शिर्डीच्या वेशीवरही पालखीने याच पद्धतीने थांबावे. स्वागत, सत्कार आणि फोटो त्यानंतर व्हावेत.

कोणालाही वाहनात बसवायचे असेल तर त्याचे कारण प्रकृतीचेच असावे, आणि पदयात्रेबरोबरच्या डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने ते त्या व्यक्तीला समजावून सांगावे. बरे वाटल्यावर तिला जिथून उचलले तिथे परत सोडण्याची सोय मंडळाने करावी. आम्ही ते स्वखर्चाने केले. प्रत्येकीला ते जमेलच असे नाही.

रोज संध्याकाळी आरतीनंतर तक्रार ऐकण्यासाठी पंधरा मिनिटे ठेवावीत आणि ज्यांना निर्णयाचा अधिकार आहे अशा एका पदाधिकाऱ्याने तेव्हा हजर राहावे.

या मागण्यांवर बोलण्यासाठी नोंदणी सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी ठाण्यात सर्व मंडळांची एकत्र बैठक बोलवावी, अशी विनंती आहे. सकाळची वेळ ठेवल्यास कामावर जाणाऱ्या बायकांना येता येईल. आमच्या चौघींपैकी जिने नवस फेडला ती या वर्षी पुन्हा येण्यास कचरते आहे, पण बैठकीला यायला ती तयार आहे, आणि टेम्पोत काय घडले ते ती स्वतः सांगणार आहे. आपले उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

आपली,
एक पदयात्री
लोकमान्यनगर, ठाणे (पश्चिम)